अर्धा लिटर पेट्रोल

चाकण-तळेगाव रस्ता
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. पद्मामावशी,

नमस्कार. पत्र बघून तू आधी चष्मा शोधशील आणि मग म्हणशील, हिला फोन करायला काय झालं? माझा फोन माझ्याकडे नसतोच, मावशी. पंपाचं बँकेचं खातं माझ्या नावे, म्हणून नंबर माझा, म्हणून सगळे ओटीपी माझ्या फोनवर. तो दिवसभर काउंटरवर चार्जिंगला लावलेला असतो आणि रणजीतपासून काचा पुसणाऱ्यापर्यंत जो तो उघडतो. तुला जे लिहायचंय ते तिथे नको. उत्तर पंपाच्या पत्त्यावर टाक. पोस्टमन बाराच्या सुमाराला येतो, तेव्हा दुकानात मीच असते.

मला भीती वाटतेय. सरळच सांगते, कारण तुझ्यापुढे आडवळणं घेतली की तू लाल शाईनं दुरुस्त करतेस.

एक तारखेपासून राज्याचा तो नवा कायदा लागू झाला, पेट्रोलपंपांचा आणि पंपावरच्या दुकानांचा. बाटलीत, कॅनमध्ये सुटं पेट्रोल द्यायचं नाही. दुकानात काडेपेट्या, लायटर, रिकाम्या बाटल्या ठेवायच्या नाहीत. आणि परवाना ज्याच्या नावे त्याचं नाव आणि फोटो दर्शनी भागात लावायचा. सोमवारी रणजीतनं बोर्ड लावला. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतलाय, त्यात मी आधीच अटक झाल्यासारखी दिसते. खाली लिहिलंय, ‘या पंपावरील सर्व व्यवहारांस जबाबदार’. ट्रकवाले डिझेल भरताना वाचतात आणि मग दुकानाच्या काचेतून माझ्याकडे बघतात.

तुला माहीत आहे हा पंप माझ्या नावे का आहे. जागा सासऱ्यांची, पण त्या वेळची पंपवाटपाची जाहिरात महिलांसाठीच्या राखीव गटातली होती आणि घरात पदवीवाली सून एकच. तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ मला राग आला होता. खरं तर मी दुकानात अकरा ते तीन बसते, बिस्किटं, पाणी, कूलंट विकते आणि सांगतील तिथे सही करते. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की मामंजी पाटावर लेटरहेडचा गठ्ठा ठेवतात आणि मी शंभर कोऱ्या कागदांवर सह्या करते. वर्षभर पुरतात. लक्ष्मीच्या हातची सही म्हणून त्यांना तो शकुन वाटतो. बारा वर्षं करतेय, मलाही त्यात काही वाटेनासं झालं होतं.

आणि आमच्याकडे बाटल्यांची फळी आहे. मामंजींचा नियम आहे की गाडी बंद पडलेला माणूस चालत आला तर त्याला बाटलीत अर्धा लिटर द्यायचंच. कंपनीच्या शिफ्टला जाणारी पोरं रोज येतात. बाटली दुसऱ्या दिवशी आणून देतात, आमचे सोनबा ती धुऊन परत फळीवर ठेवतात. सोनबा म्हणजे पहिल्या दिवसापासून नोझलवर असलेले आमचे कामगार, साठीला आलेत. कायदा लागू झाला तरी फळी तिथेच आहे. मी रणजीतला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘अगं, सुरुवातीला सगळेच कडक असतात. महिनाभरात थंड होईल.’

तू तीस वर्षं मंत्रालयात बसून हेच कायदे मराठीत आणलेस. मला खरं सांग. कुणी बाटली दिली आणि काही झालं, तर आत कोण जाईल?

तुझी
तनुजा

*

पिंपळे गुरव
११ डिसेंबर २०२५

चि. तनुजा,

आशीर्वाद. चष्मा डोक्यावरच होता.

राजपत्र मिळवून वाचलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आमच्या खात्याचं मराठी सुधारलेलं नाही, पण अर्थ स्पष्ट आहे. परवाना ज्याच्या नावे, गुन्हा त्याच्या नावे. नोझल कुणी धरलं हे विचारायचं कामच नाही. तीन वर्षांपर्यंत कैद. त्या पेट्रोलनं कुणाला इजा झाली तर सात. आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलिसांच्या हातात जामीन नाही, कोर्ट देईल तेव्हा.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

कलम नऊमध्ये एक वाट आहे. परवानाधारक स्वतः पंप चालवत नसेल तर त्याला ‘जबाबदार व्यक्ती’ नेमता येते. नमुना चार भरायचा, सोबत परवानाधारकाचं पत्र, त्या व्यक्तीची लेखी संमती, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात. मग आधी ती व्यक्ती जबाबदार, नंतर तू. पंप रणजीत चालवतो, तेव्हा फॉर्मवर सही रणजीतनं करावी. यात अपमान वगैरे काही नाही. नवऱ्याला इतकं सांगायला तुला माझं पत्र लागावं याचं मात्र वाईट वाटतं.

दुसरं. फळी आजच्या आज काढायची. तुझ्या सासऱ्यांचा धर्म चांगला आहे, पण तो तुझ्या जिवावर चाललाय.

तिसरं. शंभर कोऱ्या कागदांवर सह्या! तनुजा, तुला शिकवायला आकुर्डीच्या कॉलेजात इतकी फी भरली ती तुझ्या आईनं सरळ नदीत टाकायला हवी होती. उरलेले कागद परत घे आणि फाडून टाक. बैल गेला नि झोपा केला असं होऊ देऊ नकोस.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण घाबर थोडी. घाबरल्याशिवाय तू हलत नाहीस.

तुझी
पद्मामावशी

*

चाकण
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

ती. मावशी,

तुझं पत्र दुकानात तीनदा वाचलं आणि कूलंटच्या खोक्याखाली ठेवलं.

फळी निघाली. मीच काढली, चौदा तारखेला. बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. मामंजी ओट्यावर बसले होते, म्हणाले, ‘रस्त्यावं उभ्या मान्साला न्हाई म्हनायचं? सूनबाई, आमच्या घरात आजवर कुनी कुनाला न्हाई म्हनलं न्हाई.’ मी कायद्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘कायदा मुंबईला हाय. उनात गाडी ढकलनारा हितं हाय.’ नंतर जेवणाचं ताट ओट्यावरच मागवलं.

फॉर्मचं रणजीतला सांगितलं. हसला. म्हणाला, ‘म्हणजे तुला सोडून मला आत घालायचं?’ गमतीत म्हणाला, पण फॉर्म घेतला नाही. कोरे कागद पंपाच्या कपाटात आहेत आणि किल्ली मामंजींच्या कमरेला असते. मागितली तर कशाला म्हणून विचारतील, आणि काय सांगू? तुमच्यावर विश्वास नाही असं?

मावशी, एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीच्या एका पंपावर परवा बाटलीत पेट्रोल दिलं गेलं. कायदा लागू झाल्यानंतर. एकदाच. देणाऱ्याला कायदा माहीत होता. समजा त्या बाटलीनं काही झालं आणि पोलिसांपर्यंत अजून काही गेलेलं नसेल, तर आता फॉर्म भरून उपयोग होतो का? की तारीख बघतात?

त्या पंपाची मालकीण माझ्या ओळखीची आहे म्हणून विचारते. तिला झोप नाही. कुठेही पोलिसांची जीप थांबली की ती हातातलं काम टाकून काचेशी जाते. तिला काय सांगू?

लवकर लिही. जमलं तर स्पीड पोस्ट कर.

तनुजा

*

पिंपळे गुरव
२० डिसेंबर २०२५

चि. तनुजा,

ओळखीची मालकीण! मी कोऱ्या कागदांवर सह्या करत नसले तरी वाचता येतं मला.

रणजीतनं दिली ना बाटली? फळी तू काढलीस तर त्यानं दुसरीकडून काढून दिली असणार, बापाचा मान राखायला. आणि तू त्याला झाकतेस. लग्नाच्या वेळी मी जे बोलले ते परत बोलत नाही. पण सात वर्षांचं कलम तुझ्या डोक्यावर आहे, त्याच्या नाही, हे लक्षात ठेव. झाकायचं तर माणसानं आपलं झाकावं.

उत्तर ऐक. फॉर्मवर जी तारीख असते तेव्हापासून जबाबदारी बदलते. प्रत पोलीस ठाण्यात तीस दिवसांत द्यायची आहे, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत दिली तरी महिन्याच्या सुरुवातीची नेमणूक चालते. तेव्हा वेळ अजून गेलेली नाही. रणजीत सही करत नसेल तर त्याच्यावाचून अडत नाही. कायद्यात ‘पंपावर कार्यरत कोणीही सज्ञान इसम’ असं आहे. कोणीही चालेल. फक्त संमतीची सही हवी आणि तुझं पत्र हवं.

हे पत्र रणजीतला दाखव. माझ्या अक्षरात वाचेल तेव्हा हसणार नाही.

आणि काय झालंय त्या बाटलीनं? तू ‘समजा’ लिहिलंस. मला समजा नको, झालं ते लिही.

तुझी
पद्मामावशी

*

चाकण
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

ती. मावशी,

झालं ते लिहिते. रणजीतनं नाही दिली. मी दिली.

मंगळवार, सोळा तारीख. फळी काढून दोन दिवस झाले होते. साडेबाराला एक बाई दुकानात आली, शालनबाई नावाची. आमच्या मागे भाड्याच्या खोल्या आहेत तिथे राहते, जालन्याकडची. एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या करते. मी तिला तोंडओळखीनं ओळखते, कधी पाव न्यायला येते. घामानं भिजली होती. म्हणाली, ‘ताई, मालक तिकडं वळणावर गाडी घेऊन थांबलेत. पेट्रोल संपलं. एक वाजता हजेरी लागली न्हाई तर ठेकेदार दिवस धरत न्हाई.’ मी म्हटलं, आता बाटलीत देत नाही, कायदा झालाय. ती वाद घालत बसली नाही. नुसती मान हलवली आणि वळली.

ती वळली म्हणून दिलं, मावशी. तिनं हुज्जत घातली असती तर मी नाहीच म्हटलं असतं. मी फ्रिजमधली पाण्याची बाटली काढली, पाणी कुंडीत ओतलं, बाटली तिच्या हातात दिली आणि बाहेर ओरडले, ‘सोनबा, हिला अर्धा लिटर द्या.’ सोनबा म्हणाले, ‘वहिनी, नको म्हणत्यात ना आता?’ मी म्हटलं, द्या, मी सांगते. त्यांनी दिलं.

गाडीत तिच्या नवऱ्यानं निम्मं ओतलं. उरलेलं उद्याला होईल म्हणून घरी नेलं आणि ओट्याखाली ठेवलं, शेगडीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली कलंडली आणि भडका उडाला. शालनबाईचे दोन्ही हात आणि एक पाय भाजला. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. सगळे सिलेंडर सिलेंडर म्हणत धावले. मीही धावले आणि खोलीच्या दारात मला वास आला.

अठरा तारखेला तुला पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. मला माझं नाव लिहवेना.

मंगळवारी सरकारी दवाखान्यात गेले, नारळपाणी घेऊन. तिचे हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. मला बघून ती उठायला लागली. माझ्या कानाशी म्हणाली, ‘ताई, मी तुमचं नाव घेतलं न्हाई. मालकानं पोलिसांना नुसता पंप सांगितला. तुम्ही भिऊ नका.’ ती मला धीर देत होती. मी नारळपाणी तिच्या उशाशी ठेवलं आणि बाहेर आले.

पोलीस काल पंपावर आले होते. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग नेलं. त्यात नोझल आणि सोनबा दिसतात. दुकानाचा आतला भाग दिसत नाही.

तुझं पत्र मी रणजीतला दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पहिल्यांदाच हसला नाही. परवा संध्याकाळी म्हणाला, ‘फॉर्मचं काम झालं. मावशी हुशार आहेत हां. आता तुला काही नाही.’ मी विचारलं, तू सही केलीस? तो म्हणाला, ‘झालं म्हटलं ना.’

मला बरं वाटायला पाहिजे. पण वाटत नाही. सात वर्षं म्हणजे आज मी बेचाळीसची, सुटेन तेव्हा एकोणपन्नासची. असले हिशेब मी दुकानात बसून करते. आणि मग शालनबाईचे हात आठवतात, त्या हातांनी ती पोळ्या करायची.

तनुजा

*

पिंपळे गुरव
३० डिसेंबर २०२५

तनुजा,

गप्प बस.

कुणाला काही सांगू नकोस. दवाखान्यात परत जाऊ नकोस. ती बाई बोललेली नाही, कॅमेऱ्यात तू नाहीस, फॉर्म गेलेला आहे. रणजीतनं सही केली असेल तर तो पुरुष आहे, त्याच्यामागे बाप आहे, जमीन आहे, तो सुटेल. कुणाची सही आहे ते विचारू नकोस. विचारलंस की तुला माहीत होईल, आणि माहीत असलं की खोटं बोलावं लागेल. खोटं तुला कधी जमलेलं नाही.

हे मी लिहितेय, जिनं तीस वर्षं ‘सत्य माहिती दडवणे हा अपराध असेल’ हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं. मला काही वाटत नाही. तुझी आई गेली तेव्हा तिला मी शब्द दिला होता. तू आत जाऊन बसलीस तर मला जगायचं नाही.

हे पत्र जाळून टाक. नाही, जाळू नकोस, तिथे काही जाळू नकोस. फाड.

पद्मामावशी

*

चाकण
रविवार, ४ जानेवारी २०२६

मावशी,

विचारलं नाही. विचारावं लागलंच नाही.

काल दुपारी दोनला मी दुकानात होते. जीप आली. मी बिस्किटांचे पुडे लावत होते, ते तसेच हातात घेऊन उभी राहिले. मला वाटलं, आलेच माझ्यासाठी. पण ते दुकानाकडे वळलेच नाहीत. नोझलपाशी गेले. सोनबांनी एका मोटरसायकलीत पेट्रोल भरत आणलं होतं, ते पूर्ण भरलं, झाकण लावलं, हात फडक्याला पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, मावशी. त्यांची नजर माझ्यावर गेली तर पोलिसांचीही जाईल म्हणून बघितलं नाही.

आणि मला काय वाटलं सांगू? आधी बरं वाटलं. जीप वळून जाईपर्यंत बरं वाटत होतं. ते मला स्वतःचंच सहन होत नाही.

रणजीतला धरलं. तो म्हणाला, ‘मावशींनीच लिहिलं होतं ना, कोणीही चालेल म्हणून?’ तुझं पत्र त्याच्या खिशातच होतं. सोनबांना वाचता येत नाही, आपलं नाव तेवढं लिहिता येतं. त्यांना सांगितलं की नव्या कायद्याचा कागद आहे, सगळ्या कामगारांचा आहे. सोबत माझं पत्र, एक डिसेंबरचं, ‘मी श्री. सोनबा यांची जबाबदार व्यक्ती म्हणून नेमणूक करत आहे.’ दसऱ्याच्या गठ्ठ्यातला कागद. खाली माझी सही, स्वच्छ, वळणदार, जशी पूजेच्या दिवशी करते तशी. म्हणजे सोनबांना मीच नेमलंय. बाटली मी दिली, आणि आत त्यांना मीच पाठवलंय.

मामंजींना सांगितलं. मला वाटलं होतं ते तरी चिडतील. त्यांनी तंबाखू मळायला घेतला. मग म्हणाले, ‘सोनबा आपला मानूस हाय. त्याच्या घरचं आपन बघू. तू घराची लक्षिमी, तू जाऊन कसं चालंल? नाव तुजं, तू आत गेलीस तर पंपच जाईल.’ रस्त्यावर उभ्या माणसाला कधी नाही न म्हटलेलं हे घर, मावशी.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण पेपर वाचून सहज म्हणतो. इथे चोर बिस्किटं लावत बसलाय.

मला तुरुंगाची भीती वाटते. दार बाहेरून बंद होतं त्याची. ओळखीचं कुणी नसेल त्याची. पण सोनबांना हे काहीच माहीत नव्हतं, त्यांना भ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

तू गप्प बस म्हणालीस. तुझं उत्तर यायला तीन दिवस लागतील आणि तू परत तेच लिहिशील, कारण तुझं माझ्यावर प्रेम आहे. म्हणून उत्तराची वाट बघत नाही.

तनुजा

*

पोलीस ठाणे
मंगळवार, ६ जानेवारी २०२६, सकाळी

ती. मावशी,

कागद इथल्याच एका हवालदार बाईंनी दिला. चांगल्या आहेत. म्हणाल्या, लिहा काय ते, साहेब येईपर्यंत.

काल अकराला एकटीच आले. रिक्षानं आले, कारण घरच्या गाडीची किल्ली कुणी दिली नाही. साहेबांना सगळं सांगितलं. बाटली मी रिकामी केली, मी सांगितलं म्हणून सोनबांनी भरली, त्यांनी नको म्हटलं होतं. नेमणुकीचं पत्र कोऱ्या सहीचं आहे आणि मी ते कधी पाहिलेलं नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘मॅडम, कागद पूर्ण आहेत, केस सरळ आहे. तुम्ही घरी जा. तुम्हाला लहान लेकरं वगैरे नाहीत का?’ मी म्हटलं, नाहीत. ते म्हणाले, ‘तरी विचार करा, बाहेर बाकावर बसा.’ मी बाहेर बाकावर दोन तास बसले.

त्या दोन तासांत मी उठून जाऊ शकत होते. फाटक उघडं होतं, समोर चाकणची बस थांबत होती. तीन बस गेल्या. प्रत्येक बसला मी पर्स उचलली. तू मला धीट समजू नयेस म्हणून सांगते. मग आत जाऊन परत तेच सांगितलं आणि या वेळी त्यांनी लिहून घेतलं. जबाब वाचून दाखवा म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं, पण दाखवला. त्यांनी शालनबाईकडेही दवाखान्यात माणूस पाठवला. ती आधी नाहीच म्हणत होती. मी आले आहे असं सांगितल्यावर रडली आणि खरं ते बोलली.

रणजीत संध्याकाळी आला. दारात उभा राहून म्हणाला, ‘तुझ्यासाठी केलं होतं सगळं.’ खरंच माझ्यासाठी केलं होतं त्यानं. मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे. डबा ठेवून गेला. परत येईल की नाही माहीत नाही.

आज दुपारी मला कोर्टात नेणार आहेत. जामीन मिळेल का ते इथे कुणी सांगत नाही. इजा झालेली आहे, म्हणून सात वर्षांचं कलम लावलंय. कायदा वाईट नाही गं, मावशी. ती बाटली शेगडीपाशी उभी होती, आणि कायदा तेच म्हणत होता.

मला फार भीती वाटते. काल इथे कोठडीचं दार लागलं तेव्हा मी आईला हाक मारली, मोठ्यानं. पलीकडच्या कोठडीतून सोनबा म्हणाले, ‘वहिनी, मी हाय हितं.’ आज तेही असणार नाहीत. सकाळी त्यांचे कागद झाले, त्यांना सोडलंय.

घरी जायला ते तयार नाहीत. गावात, पंपावर, कुठेही जायची त्यांना लाज वाटते आणि भीतीही. तीन दिवस पोटात नीट अन्न नाही. मी त्यांना तुझा पत्ता दिला आणि दापोडीपर्यंतची गाडी कशी धरायची ते समजावून सांगितलं.

म्हणून हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. ते घेऊन तुझ्या दारात जे उभे आहेत, चपला बाहेर काढून, आत यायला संकोचत, ते सोनबा. तू लिहिलं होतंस ना, कोणीही चालेल, ते हे. त्यांना आत घे, मावशी. आधी जेवायला वाढ.

तनुजा